अक्काचं हैदराबाद

केदारअप्पांना कुणी हैदराबादचं विचारलं की ते पहिल्या दिवसाचं सगळं सांगतात. चारमिनारचा अरुंद जिना, लाखेच्या बांगड्यांची गल्ली, तळ्याच्या मधोमध उभा केलेला दगडी बुद्ध, बशीत ओतून प्यायलेला इराणी चहा. दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत आले की थांबतात, आणि गिऱ्हाईक आलेलं नसतानाही आल्यासारखं उठून काउंटरकडे जातात. पुढचं मी सांगते. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, शिवकन्या. मी हैदराबादला गेले नव्हते. तरी तिथं जे झालं त्यात माझाही हात आहे, आणि हे मला कुणी सुनावत नाही, कारण अप्पांशिवाय कुणाला ते ठाऊकच नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, शिवम्मा. तिचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, त्यामुळे तिचा राग कानडीत यायचा आणि आम्हाला एक अक्षर कळायचं नाही. उंचीनं ती माझ्या खांद्याला लागायची, पण वडवणीच्या आमच्या घरात तिच्यापुढे सासऱ्यांचीही मात्रा चालली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पोळी येत नव्हती. महिनाभर तिनं माझ्या कडक पोळ्या गुपचूप आपल्या ताटात वाढून घेतल्या आणि आपल्या मऊ पोळ्या माझ्या नावावर सगळ्यांना खाऊ घातल्या. सासूबाई जाईपर्यंत त्यांना वाटत होतं की धाकटी सून सुगरण आहे. अशा बाईशी मी जे वागले ते सांगायला मला आजही जड जातं.

आम्ही लिंगायत वाणी. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, ते अंगापासून वेगळं करायचं नाही. सकाळी आंघोळ झाली की लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मग तोंडात पाणी घालायचं. हे आमच्यात सगळे आपापल्या परीनं पाळतात. कुणी मनापासून, कुणी चहा झाल्यावर. अक्काला मात्र तिच्या आईनं आणखी पुढचं शिकवलं होतं. लिंग हरवलं तर आपल्या गुरूनं दुसरं हातात देईपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. लिंगाशिवाय मरण आलं तर त्यासारखं वाईट मरण नाही. हे तिनं मला भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, जणू मीठ किती घालायचं ते सांगावं.

आणि अप्पांची डबी रिकामी होती. १९८८ साली गंगाखेडला गोदावरीत बुडी मारताना त्यांचं लिंग गेलं. ते घाबरले, दोन तास पाण्यात चाचपत राहिले. मग दुपार झाली, भूक लागली, घाटावर गरम भजी निघत होती. ती खाल्ली आणि काही झालं नाही. घरी पोचेपर्यंत सांगायची वेळ निघून गेली. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाले, दुसऱ्या दिवशीही जेवले. डबी हलकी लागू नये म्हणून त्यांनी आत सुपारीचं एक खांड घातलं आणि रोज सकाळी दाराकडे पाठ करून त्या सुपारीवर पाणी घालू लागले. ते पाणी तीर्थ म्हणून अक्का रोज घ्यायची. आधी आपली पूजा, मग नवऱ्याच्या पूजेचं तीर्थ, मग चहा.

मला हे कळलं १९९२ साली. अप्पा न्हाणीघरात डबी खुंटीला विसरले. मी ती त्यांच्या सदऱ्यावर ठेवायला गेले तर झाकण सैल होतं. सुपारी माझ्या हातावर पडली तेवढ्यात ते मागं येऊन उभे राहिले. गावभर ज्यांच्या तोंडाचा पट्टा चालतो त्या माणसाचा आवाज त्या दिवशी कुजबुजण्याइतका खाली आला.

"शिवकन्या," ते म्हणाले, "हे तुझ्या अक्काला कळलं तर ती चार वर्साचं तीर्थ आठवून आठवून मरंल. तुला माझी शपथ हाय."

मी शपथ घेतली. भीतीनं घेतली असं म्हणता आलं असतं, पण खरं असं की मला ते गुपित थोडं आवडलं. घरात थोरल्या दिराची मान माझ्या हातात होती. त्यानंतर माझ्या भिशीला, माझ्या माहेरपणाला अप्पांनी कधी नाही म्हटलं नाही.

पुढं केबल आली आणि आमच्या दुकानाचं नशीब फिरलं. आधी पंखे, मिक्सर आणि रेडिओची दुरुस्ती चालायची. आता खेड्याखेड्यातून लोक ट्रॅक्टरवर बसून रंगीत टीव्ही न्यायला यायचे. वडवणी तेव्हा तालुक्याचं गाव व्हायचं होतं, पण आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानापुढं पाय ठेवायला जागा नसे. अक्का दुपारी स्वयंपाकघर आवरलं की दुकानात मागच्या पोत्यावर येऊन बसायची आणि सिनेमातली गाणी बघायची. नाचणाऱ्यांकडे तिचं फार लक्ष नसे. त्यांच्या मागं जे कारंजं, जो बगीचा, जो महाल दिसायचा त्याच्याकडे ती बघत राहायची. "ते खरं असतंय का रं?" असं ती दुकानातल्या कोणालाही विचारायची.

१९९७ च्या उन्हाळ्यात कंपनीनं जिल्ह्यातल्या चांगल्या विक्रेत्यांना जोडप्यानं हैदराबादची सहल दिली. बीडहून आरामगाडी, तीन रात्री लॉज, जेवणखाण, सिनेमाची नगरी, सगळं त्यांचं. अप्पांनी पत्र फ्रेम करून दुकानात लावलं. अक्का आधी म्हणाली, "मी कशाला? घर कोन बघंल?" पण संध्याकाळी तिनं पेटीतली मोरपंखी इरकल उन्हात टाकलेली मी पाहिली. तिला साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या मी कागदाच्या पुड्यांत बांधून दिल्या. बावीस वर्षांच्या संसारात दोघं देवाच्या आणि लग्नाच्या निमित्ताशिवाय पहिल्यांदाच कुठं तरी निघाले होते.

पहिला दिवस अप्पा सांगतात तसाच गेला. अक्कानं माझ्यासाठी हिरव्या खड्यांच्या बांगड्या घेतल्या. नावेतून बुद्धापाशी गेली तेव्हा तिनं तळ्याच्या पाण्याला नमस्कार केला, कारण ती मूर्ती आधी त्याच तळ्यात बुडाली होती आणि माणसंही गेली होती, असं नाववाल्यानं सांगितलं. त्या दिवशीचा तिचा फोटो आहे. ती उसाचा रस पितेय आणि अप्पा तिच्या ग्लासाकडे बोट दाखवून काहीतरी बोलतायत. गोड पिऊ नको म्हणत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना शहराबाहेरच्या एका पाण्याच्या बागेत नेलं. तिथं एक मोठा हौद होता, घंटा वाजली की त्यात समुद्रासारख्या लाटा उठत. बायांना भाड्यानं नायलॉनचे कपडे मिळत. गळ्यातलं काढून ठेवा, असं दारावरची बाई प्रत्येकीला सांगत होती. अक्कानं मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं, पण लिंगाची डबी त्या कपड्यांच्या आत खोचली. ती पाण्यात उतरायला तयार नव्हती. अप्पांनीच हाताला धरून ओढलं. "चल गं, कोन बघतंय. जन्मात एकदा आलोय," ते म्हणाले, आणि स्वतः घसरगुंडीकडे पळाले.

अक्काजवळ छबुबाई होती, कडा गावच्या आश्रुबा शेटची बायको. त्यांचंही टीव्हीचंच दुकान. पुढचं बरंचसं मला तिनं सांगितलं. पहिली लाट आली तेव्हा अक्का जी हसली, तशी नंतरच्या दोन दिवसांत हसली नाही, असं ती म्हणते. तोंडावर पदर घ्यायची सवय, पण पदरच नव्हता, म्हणून मोकळी हसली. दुसऱ्या लाटेनं ती पडली. उठली तेव्हा तिचा हात छातीवर होता. दोरा तुटून डबी गेली होती.

"काय झालं, शिवम्माबाई?" छबुबाईनं विचारलं.

"काय न्हाई. पाय घसरला."

मग ती बराच वेळ हौदातच उभी राहिली. छबुबाईला वाटलं, आता हिला मजा वाटायला लागली. ती पायानं तळ चाचपत होती. पुन्हा घंटा झाली, पुन्हा लाटा आल्या, पाणी फिरलं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. त्यानंतर अक्काच्या घशाखाली पाणी उतरलं नाही. मे महिना होता.

तिनं अप्पांना का सांगितलं नाही, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "म्या सांगितलं असतं तर ते बी जेवले नसते. त्येंनी जन्मात एकदा रजा घेतलीया. म्या कावून मोडू?" हे तिनं मला अगदी साधेपणानं सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं.

दुपारच्या पंगतीत तिनं पोट बिघडल्याचं निमित्त केलं. अप्पांनी दोघांची बिर्याणी, म्हणजे भाज्यांची, एकट्यानं संपवली आणि वर म्हणाले, फुकटचं वाया कशाला घालायचं. चार वाजता गाडी गोवळकोंड्याला गेली. तिथं खाली दारात टाळी वाजवली की वर बुरुजावर ऐकू येते. अप्पांना ते करून बघायचं होतं, पण त्यासाठी एकानं वर असायला हवं. मग अक्का वर चढली. साडेतीनशेच्या वर पायऱ्या, तापलेला दगड, तोंडात पाणी नाही, साखरेचं अंग. अप्पांनी खालून टाळी वाजवली. तिनं वरून पदर हलवला. छबुबाई तिच्या बरोबर वर होती. तिनं विचारलं, "आली का ऐकू?" अक्का म्हणाली, "कानात नुसतं गुं गुं हुतंय." तरी खाली आल्यावर तिनं अप्पांना सांगितलं की लई स्वच्छ ऐकू आली.

हा प्रसंग अप्पा कधीच सांगत नाहीत. माझी त्यांच्यावर चीड आहे ती याच टाळीपायी. इतकी वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाला आपल्या बायकोचे ओठ दिसू नयेत?

तिसऱ्या दिवशी सिनेमाची नगरी. खोटं स्टेशन, खोटा तुरुंग, पुढून महाल आणि मागून नुसते बांबू. अक्काला ज्या कारंज्याची हौस होती ते तिथं खरंच होतं. तिचा तिथला फोटो आमच्या घरात आहे. मोरपंखी इरकल नेसून ती कारंज्याच्या कठड्यावर बसलीय, मागं पाणी उडतंय, आणि ती कॅमेऱ्याकडे नाही, पाण्याकडे बघतेय. ओठ पांढरे पडलेत. फोटो काढला अप्पांनीच.

तिथंच छबुबाईनं तिला पकडलं. कंपनीच्या माणसानं सगळ्यांना सरबताचे ग्लास दिले होते. अक्कानं आपला ग्लास गुलाबाच्या आळ्यात ओतला.

"शिवम्माबाई, तुमी कालपास्नं काय पीत न्हाई. म्या बघतीय," छबुबाई म्हणाली. मग अक्कानं सांगितलं. छबुबाई आमच्यातली नाही, तिला ते पटेना. "अवो, घ्या की घोटभर. कोन बघतंय हितं?"

"बघायला कोन कशाला पायजे?" अक्का म्हणाली.

छबुबाईनं संध्याकाळी लॉजच्या गॅलरीत अप्पांना गाठलं आणि सरळ सांगितलं, की तुमच्या मालकिणीचं लिंग पाण्यात गेलंय, दीड दिवस झाला तिनं पाणी घेतलं नाही, तिच्या तोंडाला वास मारतोय. अप्पांच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांना सगळं एकदम कळलं असणार. आता एकच गोष्ट तिला पाणी पाजू शकत होती. त्यांनी आपली डबी उघडून दाखवायची आणि म्हणायचं, हे बघ, नऊ वर्षं मी असाच जेवतोय.

त्यांनी ते केलं नाही. ते खोलीत गेले, तिच्यावर ओरडले, मग हात जोडले, मग म्हणाले की या शहरात आपले मठ असतील, सकाळी शोधतो. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या मठाचं कशाला? उद्या आपन घरीच चाललोय. आपले धर्मापुरीचे स्वामी देतील." गाडी पहाटे सुटणार होती. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. अप्पा तिच्या शेजारी ती सुपारी गळ्यात घालून पडून राहिले. त्यांनी मला हे सगळं पुढे सांगितलं, एकही शब्द न लपवता. मी विचारलं, तेव्हाच कावून न्हाई बोललात? ते म्हणाले, "वाटलं, उद्या दुपारपत्तोर तर पोचतोय. एवढं निभलं की झालं."

चौथ्या दिवशी गाडी बिदरच्या पुढं आली तेव्हा अक्काला नीट बसवेना. श्वास मोठा मोठा येत होता. मधेच ती कानडीत आईशी बोलायला लागली. तेव्हा अप्पांचा धीर सुटला. त्यांनी गाडीतल्या लोकांकडे पाठ केली, सदऱ्यातून डबी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"ह्याच्यात लिंग न्हाई. गंगाखेडला गेलतो तवाच गेलं. नऊ वर्स झाली. मी खातोय, पितोय, मला काय झालं का? आता पी पानी."

अक्का तेवढ्यापुरती शुद्धीवर होती. तिनं डबी उघडली. सुपारीकडे बघितलं. झाकण लावून डबी परत त्यांच्या सदऱ्याच्या आत ठेवली, लोकांना दिसू नये म्हणून.

"मी त्याचं तीर्थ घेत हुते," ती म्हणाली.

"हां."

अप्पांनी बाटलीचं बूच काढून तिच्या ओठाशी धरलं. त्यांना वाटलं, आता ती पिणार.

"मग तुमचं बी माझ्यावरच आलं की," ती म्हणाली. "तुमी तर खाल्लं. कुनीतरी उपास धराया नगं का?" आणि तिनं हातानं बाटली बाजूला केली. आपण तिला सोडवायला बोललो आणि दुप्पट बांधून ठेवलं, हे अप्पांना तिथं उमगलं.

गाडी उदगीरला थांबली. अप्पांनी एसटीडी बूथवरून घरी फोन केला. मीच उचलला. त्यांचा आवाज ओळखू येईना. अक्काचं लिंग पाण्यात गेलंय, दोन दिवस तिनं पाणी घेतलं नाही, आम्ही तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेतोय, तुम्ही धर्मापुरीहून स्वामींना लिंग घेऊन तिकडं आणा, एवढं ते म्हणाले. मागं माणसांचा गलका होता. आश्रुबा शेट आणि कंपनीचा माणूस त्यांच्या शेजारीच उभे असणार.

मी विचारलं, "अप्पा, स्वामींना एकच सांगायचं ना?"

मी का विचारतेय ते त्यांना कळलं होतं. त्यांना कळलंय हे मलाही कळलं होतं.

"एकच," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मला दोन म्हणता आलं असतं. स्वामींनी कारण विचारलं नसतं, आणि विचारलं असतं तर मी काहीही थाप मारली असती, थापांना मी कधी कमी नव्हते. पण घरात नवरा समोर उभा होता. त्याला सांगावं लागलं असतं की तुझ्या भावाच्या गळ्यात काय आहे आणि मला ते पाच वर्षं ठाऊक आहे. मी नवऱ्याला म्हणाले, "जीप घ्या. धर्मापुरीला जाऊन स्वामींना आनायचंय. अक्कासाठी एक लिंग संगं घ्या म्हनावं." मीही बरोबर निघाले.

आम्ही साडेपाचला दवाखान्यात पोचलो. अक्काला सलाईन लावलेलं होतं. डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं बाजूला घेऊन सांगितलं की मूत्रपिंडं बंद पडलीत, साखर फार चढलीय, हृदय केव्हाही दगा देईल, औरंगाबादला हलवायची सोय करतोय पण ती रस्ता सोसेल असं वाटत नाही. अप्पा खाटेच्या पायथ्याशी बसले होते.

स्वामींनी तिच्या कपाळावर हात ठेवला. ते म्हातारे, शांत. म्हणाले, "बाई, पाणी घ्यायला हवं होतंस. तळहातावर मातीचं लिंग करून पूजा केली असती तरी चाललं असतं. देव काय तुझा जीव मागत होता?"

"आईनं तसं सांगितलं न्हवतं," अक्का म्हणाली. ती कुणाला दोष देत नव्हती.

स्वामींनी झोळीतून लिंग काढलं, विभूती काढली, तिचा डावा हात हातात घेतला. तिनं हात मागं ओढला.

"आदी त्येंना," ती म्हणाली आणि बोटानं अप्पांना दाखवलं.

"त्यांच्या गळ्यात आहे की," स्वामी म्हणाले.

अक्का अप्पांकडे बघत राहिली. अप्पांनी सदऱ्यातून डबी काढली आणि सगळ्यांसमोर उघडी करून स्वामींच्या पायाशी ठेवली. माझ्या नवऱ्याला आधी कळेना, मग त्यानं भिंतीला हात टेकला. स्वामी पुष्कळ वेळ त्या सुपारीकडे बघत होते. मग ते म्हणाले, "मी एकच आणलंय. निरोप एकाचाच होता."

"मग त्येंना द्या. मी थांबते."

अप्पा नको नको म्हणत रडू लागले. स्वामींनीही समजावलं. ती ऐकेना. शेवटी म्हणाली, "मी जाईन. त्येंना आजून लई दिस जेवायचंय." स्वामींनी तिथंच, सलाईनच्या बाटलीखाली, अप्पांच्या हातावर लिंग दिलं. मग अक्कानं त्यांना पाणी प्यायला लावलं. त्यांनी अख्खा ग्लास प्यायला, ती बघत होती. तिचा गळा त्यांच्या घोटाबरोबर हलत होता.

माझा नवरा मठातून दुसरं लिंग आणायला जीप घेऊन पळाला. दीड तासाचा रस्ता, जाऊन-येऊन. अप्पांना स्वामींनी बाहेर नेलं. मी एकटी तिच्याजवळ राहिले. तिच्या पिशवीत माझ्या हिरव्या बांगड्या होत्या, त्या तिनं मला काढून घ्यायला सांगितल्या. हैदराबादचं थोडं थोडं बोलली, अप्पांना का सांगितलं नाही तेही तेव्हाच. कारंजं खरं असतं म्हणाली. मग तिनं विचारलं, "स्वामींना निरोप कुनी दिला?"

"म्या," मी म्हणाले. "म्याच एक म्हनलं, अक्का."

मला पुढचं बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात आलं होतं, मी ओठही उघडले होते. माझा चेहरा पाहून तिनं माझा हात ओढून आपल्या छातीवर घेतला, जिथं तिची डबी असायची तिथं.

"रडू नगं," ती म्हणाली. "तुला तरी कुठं ठाऊक हुतं?"

मी म्हणाले, "न्हाई."

दिवे लागायच्या वेळेला ती गेली. नवरा लिंग घेऊन आला तो त्यानंतर पाऊण तासानं.